टिटवीचं झाकण

१

टिटवी नव्हती. घरटं होतं.

गुरुवारी सकाळी मेबलला कडेवर घेऊन मी जिना चढून वर आले, तेव्हा मॉरीन कपाटासमोर उभी होती. हातातल्या ओल्या फडक्याचं पाणी तिच्याच बुटांवर ठिबकत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. कपाटाच्या मधल्या फळीवर लोण्याचं भांडं जागच्या जागी होतं. काड्या विणून केल्यासारखं दिसणारं, दुधात जांभूळ कुस्करल्यासारख्या रंगाचं काचेचं घरटं. त्यावर पंख मिटून बसलेली टिटवी, म्हणजे भांड्याचं झाकण, तेवढं गेलं होतं.

"मी नाही गं नेलं," मॉरीन म्हणाली.

मी तोंडही उघडलं नव्हतं. पण सगळे काय म्हणणार हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

आमच्या सॉल्टर्स बँक गावात बसथांब्याच्या वर एक खोली आहे. टाईन नदीकाठच्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या उरल्यासुरल्या वस्तू तिथे ठेवल्यात. मंगळवारी आणि गुरुवारी ती उघडते. झाडलोट आणि किल्ल्या मॉरीनकडे. बाळंतपणाच्या रजेत घराच्या भिंती अंगावर यायला लागल्या, म्हणून मी तिथे वस्तू पुसून, पाहून त्यांची माहिती लिहून ठेवायचं काम धरलं होतं. मेबल तेव्हा रात्रभर जागायची आणि दिवसा माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपायची. त्या दिवसांत मला पाय टेकले की पेंग यायची. पुढे जे झालं ते मी अशाच अर्धवट झोपेत सोडवलं, तेव्हा माझ्या हुशारीचं फार कौतुक नको.

ते भांडं मॉरीनच्या घराण्याचं. तिचे पणजोबा मॅथ्यू ऑर्मस्टन, राणी व्हिक्टोरियाच्या काळात खालच्या उतारावर त्यांचा काचेचा लहानसा कारखाना होता. आज तिथे टायरचं दुकान आहे. लोखंडी साच्यात रसरशीत काच ओतायची, वरून दांडा दाबायचा, की गरिबाच्या टेबलावरही नक्षीचं भांडं यायचं. टिटवीचं भांडं निघालं आणि घरोघरी गेलं. मग नदीपलीकडच्या बड्या क्रॅथॉर्न कंपनीने कोर्टात दावा लावला, की ही नक्षी आमची, सरकारदरबारी आमच्या नावावर नोंदलेली आहे. ऑर्मस्टनने नोंदणी केलीच नव्हती. कोर्टाने त्याला चोर ठरवलं, त्याचे साचे घणाने फोडवले. भट्टी विझली ती विझलीच.

घरट्याचं मूळ झाकण केव्हाच हरवलं होतं, हे झाकण ऑर्मस्टनचं नव्हतं. ते क्रॅथॉर्नचं होतं, खोलीतल्या वस्तूंची मांडणी करणाऱ्या लिडलसरांच्या बायकोच्या माहेरचं. सरांनी मोठ्या हौसेने दोन्ही एकत्र मांडलं होतं आणि पुढे पाटी लावली होती: 'ऑर्मस्टनने केलेली नक्कल. क्रॅथॉर्नचं झाकण तिच्यावर बसतं, यातच सगळं आलं.'

मंगळवारी मॉरीन त्या पाटीवरून समितीच्या अध्यक्ष ग्वेन हॉजबाईंशी भांडली होती. जिन्यापर्यंत ऐकू गेलं. "एकतर ही पाटी इथून जाईल, नाहीतर मी." मंगळवारी संध्याकाळी खोलीला कुलूप तिनेच लावलं, गुरुवारी सकाळी उघडलं तेही तिनेच.

ग्वेनबाई आल्या. त्यांनी कपाट पाहिलं, पाटी पाहिली, मग मॉरीनकडे पाहिलं आणि नुसता हात पुढे केला.

मॉरीनने किल्ल्यांचा जुडगा त्या हातावर ठेवला.

"शनिवारी लिडलचं काचेच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय," ग्वेनबाई म्हणाल्या. "तोवर टिटवी परत आली, तर मी कुणाला काही विचारणार नाही. नाही आली, तर मला पोलिसांत जावं लागेल, मॉरीन. माझा नाइलाज आहे."

२

खालच्या चहाच्या दुकानात मी तिला जबरदस्तीने बसवलं. मॉरीन सारखी उठायला बघत होती, म्हणून मी मेबल तिच्या मांडीवर दिली. मांडीवर बाळ असलं की माणसाला बसावंच लागतं.

ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. शाळेत मुलं तिला काय म्हणायची ते सांगितलं. ऑर्मस्टन आली रे, आपापल्या पेन्सिली सांभाळा. वडिलांना तर गिरणीत कोणी टिटवीचं नुसतं नाव काढलं तरी ते जेवण अर्धं टाकून उठायचे. आईने ते भांडं जन्मभर कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवलं, पण टाकलं नाही. मॉरीननेच शेवटी ते खोलीला दिलं, की निदान लोक बघतील तरी, किती सुंदर आहे.

"आणि त्यांनी पुढे पाटी लावली," ती म्हणाली. "मी दर खेपेला तिच्यावरची धूळ पुसते, पोरी. चोर, चोर, चोर. दर खेपेला पुसते. दमले आता."

मी विचारलं, की मंगळवारी कुलूप लावताना टिटवी जागेवर होती का.

"पाहिलं नाही. मी फरशी पाहते, काचा नाही."

"नीट आठव ना."

"आठवायला पाहिलेलं असावं लागतं. खोटं सांगू का? सांगते. होती, नाचत होती. बरं वाटलं तुला?"

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. तेवढ्यात बाहेर नदीकडे उतरणारी बस थांब्यावर येऊन घरघरली. टेबलावरच्या बश्या किंचित थरथरल्या. मांडीवरच्या मेबलने एकदम मान वर केली आणि छताकडे बघत राहिली.

वरची खोली बरोबर आमच्या डोक्यावर होती.

महिन्याभरापासून हे चाललं होतं. वरच्या खोलीत आम्ही असलो आणि खाली बस आली, की झाकण भांड्यावर किणकिणायचं. बारीक, एखाद्या लहान घंटीसारखं. मेबलला तो आवाज फार आवडायचा. पेंगत असली तरी ती कपाटाकडे वळायची. आता तिने वाट पाहिली, काही ऐकू आलं नाही, तिने ओठ काढले.

"मॉरीन," मी म्हणाले, "मंगळवारी तू एकटी फरशी पुसत होतीस. तेव्हा बस गेली असेल ना?"

"एक काय, संध्याकाळच्या सगळ्याच गेल्या."

"टिटवी वाजली?"

तिने कप खाली ठेवला.

"नाही," ती सावकाश म्हणाली. "नाही वाजली. मला वाटलंही, बरं झालं, सरांनी बूच परत लावलेलं दिसतंय."

बूच. मंगळवारी सकाळीच कपाट पुसताना मला फळीवर बुचाची एक पातळ चकती सापडली होती. झाकण हलू नये म्हणून कोणीतरी कडेच्या खाचेत घातलेली, वाळून गळून पडलेली. ती मी लिडलसरांच्या हातात दिली होती. आणि आज रिकाम्या घरट्याची खाच मी बोट फिरवून पाहिली होती. आत बूच नव्हतं.

म्हणजे बूच कोणी लावलं नव्हतं. टिटवी गप्प बसली, कारण ती तिथे नव्हती. मॉरीनने कुलूप लावायच्या आधीच ती गेली होती. मंगळवारी, भर दुपारी, खोली उघडी आणि पुसण्यासाठी कपाटही उघडं असताना.

"दुपारी कोण कोण येऊन गेलं?"

"तू. बाई. सर." मॉरीनचं तोंड कडू झालं. "आणि तो ट्वेडल. हातात मोठी पिशवी घेऊन."

३

रेमंड ट्वेडल जुन्या काचा विकतो. त्याचं दुकान पुलाखाली आहे. आत एवढी दाटी, की मेबलची ढकलगाडी बाहेर ठेवून मला आडवं चालत जावं लागलं. ऑर्मस्टनचं घरटं त्याला किती वर्षं हवंय हे सगळ्या गावाला माहीत. मॉरीन दिसली की तो टोपी काढून विचारतो, काय ऑर्मस्टनबाई, मन बदललं का, आणि ती सांगते, मन नाही, रस्ता बदलीन.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मला उलटतपासायला आलात ना? बसा. पोरीला त्या पेटीवर ठेवू नका, तिच्यात फुलदाण्या आहेत."

पिशवीत काय होतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, बायकोने सांगितलेले बटाटे. ते खरं होतं. मी नंतर त्याच्या बायकोला विचारलं, तर त्यातले निम्मे सडके निघाले म्हणून तिने मला दाराशीच उभं करून ऐकवलं.

"एक सांगा," रेमंड म्हणाला. "मी चोर आहे असं धरू. बायको धरतेच. तर मी समोरचं घरटं सोडून झाकण का नेईन? ऑर्मस्टनचं घरटं अख्ख्या उत्तरेत ते एकच. आणि क्रॅथॉर्नची झाकणं..."

त्याने टेबलाखालून खोका ओढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या टिटव्या. एकीची चोच तुटलेली, एकीचा तुरा. भांडी रोजच्या वापरात फुटतात, झाकणं उरतात, तो म्हणाला. फडताळावर एक क्रॅथॉर्नचं अख्खं भांडंही होतं, घरट्यासकट. मी ते बघायला घेतलं. झाकण उचलायला गेले तर घरटंही बरोबर उचललं जाईल की काय असं वाटलं, इतकं ते खाचेत घट्ट होतं.

बस डोक्यावरच्या पुलावरून गेली. सगळं दुकान किणकिणलं. माझ्या हातातलं भांडं तेवढं गप्प राहिलं.

मी ते हलवून पाहिलं. काही नाही.

"हे असंच घट्ट बसतं?"

"बसणारच. एकाच घरचं आहे. नवराबायको असतात तसं."

"तुमच्यासारखं?"

"आमचं खोलीतल्या भांड्यासारखं. दिवसभर खडखड."

मी त्याच्याकडे चोच तुटलेली टिटवी उसनी मागितली. त्याने जरा बघितलं, मग वर्तमानपत्रासकट माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाला, "फुटली तर भरून देऊ नका. तशी ती माझ्याकडेही म्हातारी होऊनच बसलीय."

ती घेऊन मी परत वर गेले. ग्वेनबाईंनी कुरकुरत कपाट उघडून दिलं. मी चोच तुटलेली टिटवी ऑर्मस्टनच्या घरट्यावर ठेवली आणि आम्ही दोघी बसची वाट बघत उभ्या राहिलो.

बस आली. टिटवी किणकिणली. मेबल खुदकन हसली.

म्हणजे सरांचं एकच झाकण सैल होतं असं नव्हतं. क्रॅथॉर्नची कुठलीही टिटवी ऑर्मस्टनच्या घरट्यात सैलच बसत होती. आणि आपल्या स्वतःच्या घरट्यात घट्ट.

"मग?" ग्वेनबाई म्हणाल्या. "याने मॉरीनचं काय सिद्ध होतं?"

काहीतरी अगदी जिभेवर होतं, पण झोप त्याच्या आड उभी होती.

४

शुक्रवारी पहाटे मेबलला पाजून मी स्वयंपाकघरात आले. बाहेर पुरतं उजाडलं नव्हतं. जोनस कामावर जायच्या तयारीत होता. खिडकीत सासूबाईंनी दिलेली मातीची थाळी वाळत होती. बाळाच्या पावलाचा ठसा घ्यायची ती माती. रविवारी आम्ही दोघांनी मिळून मेबलचं पाऊल त्यात दाबलं होतं. जोनसने पाय धरला होता, मी गाणं म्हणत होते, आणि मेबल आमच्या दोघांकडेही खाटकांकडे बघावं तसं बघत होती.

जोनसने सहज तिचं पाऊल उचललं आणि ठशात ठेवायला गेला. बसेना. अंगठा बाहेरच राहिला.

"अरे वा," तो म्हणाला, "आठवड्यात एवढी वाढली? दूध कमी कर तिचं."

इतक्या लवकर? मी ते पाऊल हातात घेतलं. तेच होतं, कालचंच, माझ्या तळव्यात मावणारं. ते वाढलं नव्हतं. माती आक्रसली होती. वाळताना तिने आपल्याबरोबर ठसाही लहान केला होता. या ठशात मी मेण ओतलं असतं, तर मला मेबलचं पाऊल मिळालं असतं, पण खऱ्याहून बारीक. एका नजरेला कळलं नसतं. खरं पाऊल शेजारी ठेवलं तरच कळलं असतं.

मी तशीच खुर्चीत बसले.

जो कारागीर साचा स्वतः कोरतो, तो हिशेबाने थोडा मोठा कोरतो. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसणार, आणि त्यात दाबलेली काचही आकसणार, हे त्याला माहीत असतं. भांडं मनाजोगत्या मापाचं निघतं. पण बाजारातून दुसऱ्याचं तयार भांडं आणून, तेच वाळूत दाबून, त्यावरून लोखंडी साचा ओतला तर? साचा आकसतो, काच आकसते, आणि नक्कल मुळाहून लहान निघते. घरटंही लहान, झाकणही लहान. दोन्ही एकमेकांत नीट बसतात, म्हणून घरी कोणाला संशय येत नाही. फक्त मूळ घरट्यावर ठेवलं, की झाकण सैल पडतं.

ऑर्मस्टनने क्रॅथॉर्नची नक्कल केली असती, तर ऑर्मस्टनचं घरटं लहान निघालं असतं आणि क्रॅथॉर्नची टिटवी त्या खाचेत उतरलीच नसती. ती वर अडकली असती. मेबलच्या अंगठ्यासारखी.

ती उतरत होती. वर किणकिणतही होती.

रेमंडची टिटवी मी पिशवीतून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पिसं पुसट होती, जणू कोणी पातळ कापडावरून ठसा घेतलाय. ऑर्मस्टनच्या घरट्याची काडी न् काडी मोजता येत होती.

"काय झालं?" जोनस म्हणाला. "रडतेयस का?"

मी म्हणाले, नाही, झोप झाली नाही. पण मला रडू येत होतं, ते मॉरीनच्या आईसाठी. एका निरपराध भांड्याचं तोंड तिने जन्मभर भिंतीकडे करून ठेवलं होतं.

आणि मग दुसरी गोष्ट आठवली. त्याने मला आणखीच जड झालं. मंगळवारी बुचाची चकती देताना मी विचारलं होतं, "सर, हे झाकण इतकं सैल का आहे?" सरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं होतं. त्यांच्याकडे कशाचंही उत्तर असतं. पण ते तसेच, तोंड उघडं ठेवून, भांड्याकडे बघत राहिले. मग चकती जाकिटाच्या खिशात घालून म्हणाले, "जुन्या काचा, नेल. जुन्या काचांचं असंच."

माझा हा प्रश्न लिडलसरांशिवाय कोणी ऐकला नव्हता.

५

लिडलसरांनी मला शाळेत इतिहास शिकवला. निबंधाच्या समासात ते लाल शाईने लिहायचे, 'कशावरून?' एवढंच. आयुष्यात मी जे थोडंफार नीट विचार करायला शिकले, ते त्या एका शब्दाने.

दुपारी त्यांच्या दाराशी उभी होते तेव्हा वाटलं, परत फिरावं. त्यांनीच दार उघडलं. त्यांच्या पत्नी ऑड्रीबाई वसंतात वारल्यापासून सरांच्या शर्टाला इस्त्री नव्हती. दिवाणखान्यात नव्या पुस्तकांचे गठ्ठे होते. सॉल्टर्स बँकच्या काचेचा इतिहास. सरांनी जन्मभर गोळा केलेलं, ऑड्रीबाईंनी आजारपणात उशीला टेकून टाईप केलेलं.

त्यांनी चहा केला. पाव कापला, वर लोणी लावलं. मेबलला एक लाकडी चमचा दिला. मेबल चमचा बशीवर आपटत राहिली.

शेवटी मी पिशवीतून रेमंडची टिटवी काढून टेबलावर ठेवली.

"ही पण सैल बसते, सर."

त्यांनी ती हातात घेतली नाही.

"कशावरून?" ते म्हणाले. अगदी सवयीने.

मी सांगितलं. पाऊल, माती, साचा. खाचेत नसलेलं बूच. मंगळवारी संध्याकाळी न वाजलेली टिटवी. मॉरीनला राग होता तो पाटीचा. ती पाटी फाडून टाकती, फार तर स्वतःचं घरटं घेऊन जाती, दुसऱ्याचं झाकण तिला कशाला. रेमंडकडे अशी झाकणं खोकाभर आहेत. झाकण कोणाला हवं होतं म्हणून गेलं नाही. ते तिथे असायला नको होतं म्हणून गेलं.

सर ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी मान हलवली, वर्गात एखादा मुद्दा बरोबर आला की हलवायचे तशी. मग ते उठले आणि पावाचा डबा उघडला. पावाच्या मागे हातरुमालात गुंडाळलेली टिटवी होती.

"हातोडी घेतली होती मी," ते म्हणाले. "अंगणात नेलं. नाही फोडता आलं. ऑड्रीच्या आईचं आहे."

"रेमंडकडे इतकी झाकणं आहेत, हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं की. माझं पुस्तकच आहे त्यावर." ते थोडं हसले. "त्यात काही अक्कल नव्हती, नेल. मला फक्त शनिवार जाऊ द्यायचा होता. तू विचारलंस आणि मला एका क्षणात दिसलं. बुचं मीच लावली होती, हलतंय म्हणून. इतकी वर्षं बघितलं आणि कशावरून हे स्वतःला विचारलं नाही. ऑड्री सारखी म्हणायची, या पुस्तकात चूक राहू देऊ नकोस, क्लिफर्ड. तिला श्वास लागायचा तरी परत परत तपासायची."

"आणि मॉरीन?"

त्यांनी टिटवी रुमालातून काढून टेबलावर ठेवली.

"मला वाटलं, भुरटा चोर म्हणून सोडून देतील. तिच्यावर येईल असं वाटलं नव्हतं. मग आलं. मग मी कालच बोलणार होतो. आज सकाळी कोट घालून दारापर्यंत गेलो होतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मी इतकी थकले होते आणि ते इतके थकलेले दिसत होते, की रागाला बसायला जागा नव्हती. मी मेबलच्या मुठीतून चमचा सोडवला.

"उद्या मॉरीन येणार आहे," मी म्हणाले. "किल्ल्या नाहीत तरी येणार आहे. म्हणाली, मी आले नाही तर म्हणतील पळाली. मी तिला काही सांगितलेलं नाही, सर. अजून."

त्यांनी टिटवी परत रुमालात गुंडाळली, पण डब्यात ठेवली नाही. हातातच धरून ठेवली. मी निघाले तेव्हाही ती हातातच होती.

६

शनिवारी खोली भरली. हॅमचे सँडविच, चहाचं भांडं, खुर्च्या. पुस्तकांचे गठ्ठे आदल्या संध्याकाळीच कोणीतरी गाडीने आणून टाकले होते. सरांचा पत्ता नव्हता.

मॉरीन अगदी मागे, दाराशी उभी होती. चांगला कोट, केस विंचरलेले. तिच्या आजूबाजूला थोडी जागा मोकळी राहिली होती. तशी जागा लोक ठरवून सोडत नाहीत, पण ती सुटते. रेमंड ट्वेडल सँडविच घेऊन तिच्याजवळ गेला आणि त्या मोकळ्या जागेत उभा राहिला. ती काहीतरी खोचक बोलली असावी, कारण तो हसला.

ग्वेनबाईंनी घड्याळ पाहिलं, परत पाहिलं. मग उठून म्हणाल्या, की सुरुवात करण्याआधी एक दुःखाची गोष्ट सांगावी लागतेय, आणि त्यांची नजर मागे दाराकडे गेली. लोकांच्या माना वळल्या. मॉरीनने हनुवटी वर केली.

मी मेबलला घट्ट धरलं. आता मलाच बोलावं लागणार होतं. मी अर्धी उठलेही होते.

दार उघडलं. लिडलसर आत आले. शर्टाला इस्त्री होती, वाकडीतिकडी, स्वतः केलेली. हातात रुमालाची गुंडाळी. ते कोणाशी न बोलता कपाटाशी गेले, ग्वेनबाईंकडे किल्ली मागितली आणि कपाट उघडलं. ऑर्मस्टनचं घरटं त्यांनी दोन्ही हातांनी उचलून पुढच्या टेबलावर आणून ठेवलं. त्यावर टिटवी ठेवली.

"मॉरीन," ते म्हणाले, "पुढे ये ना जरा."

ती आली. वाट आपोआप झाली.

सरांनी वर्गात शिकवायचे तसंच शिकवलं. आवाज न चढवता, पायरी पायरीने. साचा कसा आकसतो, नक्कल लहान का निघते, सैल झाकण काय सांगतं. मग म्हणाले, की ऑर्मस्टनने काहीच चोरलं नव्हतं. क्रॅथॉर्नने त्याचं भांडं विकत घेतलं, त्यावरून साचा काढला आणि त्याच्याआधी जाऊन नोंदणी केली. मग म्हणाले, की हे झाकण मंगळवारी मी नेलं, कारण माझ्या पुस्तकात उलटं छापलंय. आणि पुस्तक विकू नका.

खाली बस आली. घरघर जिन्यातून वर चढली, टेबलापर्यंत पोचली, आणि टिटवी घरट्यात किणकिणायला लागली. मेबलने मान वळवली. सगळ्यांनीच वळवली. बस जाईपर्यंत तो बारीक आवाज चालू होता आणि आम्ही सगळे ऐकत होतो.

सर मॉरीनकडे वळले. "मी तुझी..." ते म्हणाले आणि पुढचं त्यांना जमेना.

मॉरीनने त्यांना माफ केलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. तिने कपाटातली पाटी काढली, चारदा घडी घातली आणि कोटाच्या खिशात टाकली. ग्वेनबाई किल्ल्यांचा जुडगा पुढे करून उभ्या होत्या. तो तिने घेतला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सरांनी जाकिटाच्या खिशातून बुचाची चकती काढली होती. खाचेत बसवायला ते वाकले. शिक्षकाचा हात, काही सैल दिसलं की राहवत नाही.

मॉरीनने त्यांचं मनगट धरलं.

"नको," ती म्हणाली. "वाजू दे."